सॅम्पल आणा

जुन्या मोटारींच्या मेळाव्याला कधी गेलात तर लोकांकडे नीट बघा. सगळे गाडीच्या पुढ्यात उभे राहून फोटो काढतात. बॉनेट उघडलं की आत डोकावून ‘वा!’ म्हणतात. पोरांना स्टिअरिंगमागे बसवतात. गाडीखाली वाकून मात्र कुणी बघत नाही. तिथे इंजिनपासून शेपटापर्यंत एक नळी गेलेली असते, मधे पत्र्याचा एक डबा असतो, आणि त्या डब्यापायी मालकाची झोप, शिल्लक आणि घरातली पत अशा तिन्ही गोष्टी गेलेल्या असतात. धड असला तर हा डबा कुणाच्या नजरेला पडत नाही. फुटला तर सगळ्या गल्लीला ऐकू येतो.

आमच्याकडे १९६९ सालची फियाट अकराशे डिलाइट आहे. ‘आमच्याकडे’ म्हणजे ती आहे सासऱ्यांची, फक्त खर्च आमच्याकडे आहे. त्या काळात गाडीसाठी नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची अशी रीत होती. गाडी आणि माझी बायको दोघी एकाच वर्षी त्या घरात आल्या, पण नंबर गाडीचा आधी लागलेला होता. त्यामुळे तिथे मानाचा क्रम ठरलेला : आधी गाडी, मग मुलगी, आणि जावई पार्किंगला जागा उरली तर.

गाडी तशी गुणी. वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअरने कुर्ल्याच्या कारखान्यात बांधलेली, १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. हिचंच पुढे ‘पद्मिनी’ असं बारसं झालं आणि काळा-पिवळा रंग लावून तिने अख्खी मुंबई वाहिली. अशा गाडीचं काय बिघडणार? बिघडला तो सायलेन्सर.

सुरुवातीला नुसती घरघर होती. मग खोकला झाला. मग एका सकाळी मी किल्ली फिरवली आणि समोरच्या इमारतीतल्या नव्या गाड्यांचे अलार्म एकदम वाजायला लागले. सोसायटीच्या अध्यक्षांनी गच्चीतून विचारलं, “बोअरवेल मारताय का?” मी म्हटलं, “नाही, भाजी आणायला चाललोय.”

त्याच आठवड्यात चौकात हवालदाराने अडवलं. पुण्यात बुलेटवाले कर्कश सायलेन्सर बसवतात, पोलिस ते जप्त करतात आणि रोडरोलरखाली घालून त्यांचा चुरा करतात. हवालदार त्याच मोहिमेवर होते.

“काका, या वयात मॉडिफाइड सायलेन्सर?”

“नाही हो साहेब, ओरिजिनल आहे. म्हणूनच आवाज येतोय.”

ते गाडीभोवती फिरले, खाली वाकले, आणि पावतीपुस्तक परत खिशात ठेवून म्हणाले, “जा. आणि खाली बघत जा, काहीतरी लोंबतंय.”

लोंबतंय ते काय, हे बघायला आमचे मेस्त्री गाडीखाली गेले. त्यांनी पान्ह्याने डबा हलकेच ठोकला. पसाभर गंज त्यांच्या तोंडावर पडला. खालूनच आवाज आला, “साहेब, हा सायलेन्सर नाहीये. सायलेन्सर कधीच गेला. हा त्याच्यावरचा रंग आहे.”

मला पटेना. गाडी आम्ही तळहाताच्या फोडासारखी जपलेली. पावसात काढायची नाही, उन्हात लावायची नाही. दसऱ्याला झेंडूचा हार, रविवारी एक फेरी कोपऱ्यापर्यंत. मेस्त्री म्हणाले, “तेच चुकलं.” मग त्यांनी जे सांगितलं ते रसायनशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात आहे, पण मोटार घेताना कुणी वाचत नाही. पेट्रोल जळलं की धुराबरोबर पाण्याची वाफही तयार होते, आणि ती थोडीथोडकी नव्हे. एक लिटर पेट्रोलमागे जवळजवळ एक लिटर पाणी. गाडी लांब पल्ल्याला धावली तर डबा तापतो आणि वाफ मागून निघून जाते. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आली तर डबा तापतच नाही, वाफेचं पाणी होतं, आत साचतं आणि पत्रा आतून खातं. थोडक्यात, दिवसभर हाल काढणाऱ्या टॅक्सीचा सायलेन्सर टिकतो आणि लाडाकोडात ठेवलेल्या गाडीचा कुजतो. बायको हे ऐकत उभी होती. नंतर आठवडाभर ती ‘नुसतं बसून राहिलं की आतून गंजतं’ हे वाक्य माझ्याकडे बघून म्हणत होती. मी निवृत्त आहे.

जुना डबा काढायचा तर आधी मॅनिफोल्डकडचे नट सोडवायचे. हे नट पितळेचे घालायचे असतात, म्हणजे कितीही तापले तरी स्टडला चिकटून बसत नाहीत. पूर्वी कुठल्या तरी काटकसरी माणसाने तिथे लोखंडी नट लावले होते. तो माणूस कोण, याबद्दल सासऱ्यांनी मौन पाळलं. मेस्त्रींनी पहिला नट फिरवला तो स्टडसकट हातात आला. दुसऱ्याने पहिल्याचं बघून मान टाकली. मग ड्रिल आलं, गॅस आला, शेजारचे दोघे सल्ले घेऊन आले. “जाऊ द्या, साहेब,” मेस्त्री घाम पुसत म्हणाले, “आता सायलेन्सर तेवढा आणा. बाकी मी बसवतो.”

नाना पेठेत गेलो. वाहनांचा सुटा भाग म्हटला की पुण्यात माणूस आपोआप नाना पेठेकडे वळतो. पहिल्या दुकानात काउंटरवर पंचविशीतला मुलगा होता.

“फियाटचा सायलेन्सर आहे?”

“कुठली? उनो, पालिओ, पुंटो, लिनिया?”

“अकराशे.”

“मॉडेल विचारतोय काका, किंमत नाही.”

आतून त्याचे आजोबा उठून आले. त्यांनी माझ्याकडे गावाकडून बऱ्याच दिवसांनी आलेल्या नातेवाइकासारखं पाहिलं. “अकराशे डिलाइट? होता की! माळ्यावर होता.”

“मग?”

“गेला.”

“कधी?”

“आत्ताच. नव्वद-ब्याण्णव साली.”

पुढच्या दुकानात तर थेटच, “सॅम्पल आणा.” त्याच्या पुढच्यातही. सुट्या भागांच्या बाजारात ‘नाही’ असं कुणी म्हणत नाही, ‘सॅम्पल आणा’ म्हणतात. म्हणजे जो भाग आपल्याकडे नाही म्हणून आपण आलो, तो घेऊन या, म्हणजे तो आपल्याकडे नाही असं ते खात्रीने सांगू शकतील. मी घरी जाऊन गंजलेला डबा वर्तमानपत्रात गुंडाळून आणला. काउंटरवर ठेवून कागद उलगडला. आत कागद होता आणि तांबडी पूड होती. दुकानदार पुडीकडे शांतपणे बघून म्हणाले, “हे काय, कुंकू?”

जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी सगळं मिळतं. तिथे एक डबा मिळाला. लांबी बरोबर, जाडी बरोबर, विकणाऱ्याची शपथही बरोबर. मेस्त्रींनी तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारलं, “शेती घेतली का?” तो डिझेल पंपाचा निघाला.

मग कुर्ला. जिथे गाडी जन्मली तिथेच तिची हाडं मिळतील असा माझा हिशेब. सीएसटी रोडच्या भंगार बाजारात मोटारींचे दरवाजे, दिवे, गिअरबॉक्स यांच्या राशी लागलेल्या असतात. पण मी उशिरा पोचलो होतो. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांचीच मुदत, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. पेपरांत अग्रलेख आले, लोक हळहळले, जन्मात कधी टॅक्सीचं भाडं पुरतं न दिलेल्यांनीही उसासे टाकले. मी हळहळलो ते वेगळ्या कारणाने. टॅक्स्या होत्या तोवर त्यांचे सायलेन्सर बनत होते. गिऱ्हाईकच उरलं नाही म्हटल्यावर डबे कोण वळणार? तरी एकाने आतून एक काळाकुळकुळीत सायलेन्सर काढून दिला.

“एकदम ओरिजिनल, साब.”

मी हातात घेतला. हात काळे झाले.

“अहो, रंग ओला आहे.”

“रंग भी ओरिजिनल है, साब.”

पुण्यात जुन्या गाड्यांचे मालक रविवारी सकाळी एका इडलीच्या हॉटेलाबाहेर जमतात. गाड्या रांगेत लावायच्या, इडली उभ्याने खायची आणि दुसऱ्याच्या गाडीत खोट काढायची, असा कार्यक्रम. तिथे मी माझं दुःख मांडलं. तेवढीच चूक पुरली.

“मारुती आठशेचा लावा,” एक जण.

“आठशेचा? गाडी गुदमरेल! अँबॅसिडरचा लावा.”

“अँबॅसिडरचा मोठा होतो. बॅक प्रेशर जाईल.”

“बॅक प्रेशर हवंच असतं.”

“बॅक प्रेशर नकोच असतं.”

बॅक प्रेशर म्हणजे काय हे तिथे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं, पण ते किती असावं याबद्दल प्रत्येकाचं ठाम मत होतं. इतक्यात एक निवृत्त अधिकारी पुढे झाले. त्यांची फियाट आरशासारखी चकचकीत. ते म्हणाले, “हे बघा, ओरिजिनल मिळत नसेल तर गाडी उभी ठेवा. पण परका भाग लावू नका. तो गाडीचा अपमान आहे.” सगळे गंभीर झाले. मी भारावून त्यांच्या गाडीचं बॉनेट उघडायची परवानगी मागितली. आत इंजिन ११८ एनईचं होतं. म्हणजे मूळचं निस्सानचं. “ते,” अधिकारी म्हणाले, “वेगळं.”

ओरिजिनलपणाचं हे असंच असतं. आपल्या गाडीत जे बदललं ती गरज, दुसऱ्याच्या गाडीत जे बदललं ती भेसळ. शिवाय सरकारनेही धाक घालून ठेवलाय. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये पडतात. पण सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. मी एका एजंटला विचारलं, “सायलेन्सर बदलला तर चालेल का?” तो म्हणाला, “चालेल की. पण व्हिंटेज म्हणून नोंदवली की गाडी रोजच्या वापराला चालवता येणार नाही.” मी म्हटलं, “ती आत्ताही येत नाहीये.”

चिरंजीव परदेशी असतात. त्यांनी फोनवरून इटलीतल्या एका विक्रेत्याचा शोध लावला. फियाटचं माहेर तिकडचं, अकराशेचे भाग तिकडे अजून बनतात. नळी, डबा, शेपूट, रबरी कड्या, सगळा संच. किंमत ऐकून मी खूश झालो. मग कुरिअरचा खर्च आला. कुरिअरवाले मोठ्या खोक्याचं वजन काट्यावर करत नाहीत, पट्टीने करतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजायची, गुणायची आणि पाच हजारांनी भागायचं. दीडशे बाय पस्तीस बाय पंचवीसचं खोकं म्हणजे सव्वीस किलो. आतला माल त्याच्या पाव वजनाचाही नाही. सायलेन्सर म्हणजे पोकळ डबा, त्याला जोडलेली पोकळ नळी, आणि नळी वाकडी असल्यामुळे तिच्या भोवती आणखी पोकळी. एवढी सगळी इटालियन हवा मी विमानाने पुण्याला मागवत होतो. पुण्यात हवेची कमतरता नाही. त्यात मेस्त्रींनी शंका काढली, “तिकडं स्टिअरिंग डावीकडं. आपलं उजवीकडं. नळी मधे आडवी आली तर?” बेत मोडला.

या काळात गाडीला तेलाच्या डब्याचा पत्रा गुंडाळून तारेने बांधलेलं होतं. अशा अवस्थेत सासूबाईंना देवदर्शनाला नेलं. परत येताना त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मला भरून आलं. त्यांना म्हटलं, “जुने दिवस आठवले का?” त्या पदर नाकाला लावून म्हणाल्या, “धूर आत येतोय रे मेल्या, काच खाली कर!”

आणि याच अवस्थेत गाडी पीयूसीत पास झाली. तपासणाऱ्या मुलाने मागच्या नळीत यंत्राची कांडी घातली, आकडे पाहिले, परत पाहिले. “काका, एवढी स्वच्छ गाडी मी नाही बघितली अजून!” मुलगा प्रामाणिक होता आणि यंत्रही. मागून खरंच धूर येत नव्हता. सगळा मधल्या भोकातून सासूबाईंकडे जात होता.

शेवटी मेस्त्रींनीच सांगितलं, “कोल्हापूरला न्या. उदयमनगरात.” शिवाजी उद्यमनगराला ते कायम उदयमनगर म्हणतात. “तिथं मिळेल?” “मिळणार नाही. बनवतील.”

पुणे ते कोल्हापूर त्या आवाजात जाणं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. एवढंच सांगतो, की खंबाटकीच्या घाटात पुढचे ट्रक आरशात न बघताच बाजूला होत होते.

उद्यमनगरातल्या कारागिराने गाडी ऐकूनच ओळखली. मी माझं पुराण सुरू केलं : नाना पेठ, कुर्ला, इटली, डावं स्टिअरिंग, उजवं स्टिअरिंग. त्यांनी तंबाखू मळत ऐकून घेतलं.

“झालं सांगून?”

“हो. पण बसेल का हो?”

“न बसाय काय झालंय? इथं दसऱ्याला महाराजांची मेबॅक बाहेर पडत्या अजून. तुमची फियाट काय घिऊन बसलाय!”

“ड्रॉइंग लागेल ना?”

“हाय की.” त्यांनी कपाळावर बोट टेकवलं.

त्यांनी गाडीखाली एक सुतळी धरली, जिथे वळण तिथे गाठ मारली. वीत टाकून डबा मोजला. मग सरळ पाइप घेतला, त्यात कोरडी वाळू ठासून भरली आणि दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या मारल्या. वाळू कशाला, विचारल्यावर म्हणाले, “मोकळा पाइप वाकिवला तर चेपतोय. पोटात वाळू असली की गोल ऱ्हातोय.” आणि ओली असली तर? “मग वाफ धरत्या, आन् खुंटी बंदुकीगत सुटत्या. तुमी जरा तिकडं सरकून बसा.” मी रस्त्यापलीकडे जाऊन बसलो. गॅसने पाइप लाल झाला आणि सुतळीबरहुकूम वळत गेला. पत्रा गोल करून डबा झाला, आत भोकं पाडलेली नळी, तिच्या भोवती काचेची लोकर, दोन्हीकडून टोप्या, वेल्डिंग. जी वस्तू दोन शहरांत आणि एका खंडात मिळाली नाही, ती चहाच्या दोन फेऱ्यांमध्ये माझ्या डोळ्यांदेखत तयार झाली.

बसवताना मात्र हँडब्रेकची केबल आड आली. ती सरकवली. केबल सरकवली म्हणून तिचा कंस कापला. कंस कापला म्हणून जमिनीच्या पत्र्याला एक थिगळ लावलं. थिगळ लावलं म्हणून मागचं सीट बोटभर उचललं. जॅक लावायची जागा डब्यामागे गेली. ती दुसरीकडे केली. संध्याकाळी मी म्हटलं, “बसला की हो सायलेन्सर!” कारागीर हात पुसत म्हणाले, “सायलेन्सर हाय तिथंच हाय. गाडी बसिवली.”

परत येताना खंबाटकीच्या बोगद्यात मी काच खाली करून कान दिला. आवाज नाही. इतकी शांतता की गाडीत इतर काय काय वाजतं ते मला पहिल्यांदाच कळलं. डावा दरवाजा, डॅशबोर्ड, मागचं चाक आणि बायको. या सगळ्यांचं बऱ्याच दिवसांचं साचलेलं होतं.

आता सगळं ठीक आहे. मागचं सीट डब्याच्या उष्णतेने गरम होतं. थंडीत पाहुणे खूश असतात. स्पीडब्रेकरवर गाडी तिरकी घ्यावी लागते. तिसऱ्या गिअरला एक बारीक शीळ येते, तिला कारागीर ‘सूर’ म्हणाले. सोसायटीच्या अध्यक्षांची नवी तक्रार आहे, की मी कधी येतो तेच कळत नाही. आणि गाडी पीयूसीत नापास झाली, कारण आता सगळा धूर जिथून यायला हवा तिथूनच येतो. त्यासाठी कार्ब्युरेटर बघावा लागेल. नाना पेठेत चौकशी केली. तिथे काय सांगितलं ते तुम्हाला ठाऊक आहे.

दरम्यान माझ्या माळ्यावर डिझेल पंपाचा एक, ओल्या रंगाचा एक, मारुतीचा एक आणि कशाचे ते न कळलेले काही, असे सायलेन्सर जमले आहेत. बायको विचारते, यातला एक तरी आपल्या गाडीला बसतो का? बसत नाही. पण उद्या कुणाला लागला तर? तेव्हा वाचकांना कळकळीची विनंती, की तुमच्या माळ्यावर, गॅरेजात किंवा वाड्याच्या मागल्या पडवीत जुन्या फियाटचा सायलेन्सर पडला असेल, तर कृपा करून भंगारवाल्याला देऊ नका. मला द्या. माझ्या गाडीला तो आता मुळीच बसणार नाही. तरी द्या.